तीन नव्हे हो, थिन!

मी एक जुनी फिल्म आहे. थांबा मित्रांनो, लगेच पॉपकॉर्न आणायला उठू नका! माझ्यात हिरो नाही, गाणी नाहीत आणि मध्यंतर तर मुळीच नाही. मी थिन फिल्म आहे, म्हणजे एक पातळ पापुद्रा. किती पातळ म्हणून विचाराल, तर कांद्याचा सगळ्यात आतला, नखाने सोलून काढायचा पापुद्रासुद्धा माझ्या शेजारी ठेवला तर गोधडी वाटेल. मला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. म्हणून मी नीलमच्या एका चौकोनी तुकड्यावर अंग पसरून बसलेली आहे. नीलम म्हणजे अंगठीतलाच बरं का, पण हा निळा नाही, काचेसारखा आरपार आहे. सगळा तुकडा मिळून तुमच्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. लोक मला बघतात तेव्हा त्यांना एक काळपट आरसा दिसतो आणि मग ते म्हणतात, "एवढीशी?"

या "एवढीशी"चा मला भयंकर राग येतो. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत, स्टीलच्या एका गोल पिंपात झाला. जन्म दिला क्षितिजाने. क्षितिजा भाईंदरची मुलगी. मुर्ध्याच्या बाजूला जिथे पूर्वी मिठागरं होती, तिथे आता बिल्डिंगी झाल्यात, त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर ती आणि तिची आई राहतात. वडील नोकरीनिमित्त सुरतला असतात. क्षितिजा पीएचडी करत होती आणि मी तिच्या पीएचडीचा विषय होते.

मला घडवायचं म्हणजे आधी त्या पिंपातली हवा पंपांनी ओढून काढायची. इतकी काढायची की आत एखादा चुकार कण उरला तरी क्षितिजाच्या कपाळाला आठी पडायची. मग आत चार मुशी तापायच्या. एकीत बिस्मथ, एकीत अँटिमनी, एकीत टेल्युरियम, आणि चौथीत क्रोमियम. त्यांची वाफ वर चढायची आणि नीलमवर अणूंचा थर बसायचा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पहिल्या तिघांनी माझं अंग बनलं. क्रोमियम मात्र चिमूटभर, डाळीत हिंग घालतात तेवढंच. याला हे लोक डोपिंग म्हणतात. हा शब्द क्षितिजाने एकदा फोनवर उच्चारला तेव्हा तिची आई केवढी दचकली होती! तिला वाटलं, खेळाडू घेतात आणि मग पकडले जातात, तसलं काहीतरी.

आमच्या जातीचं नाव टोपोलॉजिकल इन्सुलेटर. नावाला घाबरू नका, स्वभाव अगदी सोपा आहे. आमच्या पोटातून वीज जात नाही, पण अंगावरून मात्र सुसाट जाते. काशिमिऱ्याला मुख्य रस्ता ठप्प असतो आणि कडेच्या सर्व्हिस रोडने रिक्षा भन्नाट सुटलेल्या असतात, तसंच. आता अशा आमच्या अंगात चुंबकाचा गुण उतरवता आला, तर त्या धावणाऱ्या विजेला शिस्त लावता येते. उद्या त्यातून फार न तापणारी, कमी वीज खाणारी यंत्रं बनतील अशी आशा आहे. तो गुण माझ्यात उतरावा म्हणून तर ते चिमूटभर क्रोमियम.

पण गुण उतरला की नाही, हे बघून कळत नाही. माझ्याआधी माझ्या दोन बहिणी होऊन गेल्या. थोरलीत क्रोमियम कमी पडलं. तिच्याजवळ चुंबक आणलं की ती जागी व्हायची, चुंबक दूर नेलं की सगळं विसरायची. मधलीत जास्त झालं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. मी तिसरी. मी तयार झाले त्या शुक्रवारी क्षितिजाचे मार्गदर्शक जितेंद्र सर तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "क्षितिजा, स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. हिच्यातही लूप नाही दिसला, तर आपण विषय बदलू." लूप म्हणजे आलेखावरचा एक बंद आकार, तो आला तरच चुंबकाचा गुण उतरला म्हणायचं.

दोन वर्षं पाण्यात गेली असती, मित्रांनो. आणि परीक्षाही एकदाच व्हायची होती. मला तपासणारं थंड यंत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्याच संस्थेत होतं. तिथे क्षितिजाला सोमवारचा दिवस मिळाला होता. त्यानंतर ते यंत्र दुरुस्तीसाठी कित्येक महिने बंद राहणार होतं. म्हणून तिने सरांना विचारून मला एका छोट्या डबीत ठेवलं आणि सोमवारी सकाळी घरूनच थेट तिकडे जायचं ठरवून ती मला भाईंदरला घेऊन आली. माझ्या अंगावर सोन्याच्या सहा बारीक तारा होत्या, चांदीच्या लेपाने चिकटवलेल्या. नव्या नवरीसारखी नटून मी घरी आले म्हणा ना.

आणि घोटाळा झाला तो लिफ्टमध्ये.

लिफ्टमध्ये क्षितिजा सरांशी फोनवर बोलत होती. "हो सर, थिन फिल्म रेडी आहे. घरी घेऊन आलेय. सोमवारी बघू काय होतं ते." तिच्या मागे हरिश्चंद्र काका उभे होते. काका म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे रायगडकडचे. वरसाव्याच्या बाजूला सिरियलींचे सेट आहेत, तिथे ते एकदा गर्दीत उभे राहिले होते. लग्नाच्या सीनमध्ये, डावीकडून चौथा फेटा. तेव्हापासून त्यांचं अर्धं लक्ष त्या दुनियेत असतं. त्यांनी काय ऐकलं? तीन फिल्म रेडी आहेत!

झालं! रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज गेला. "आपल्या बिल्डिंगची कन्या कु. क्षितिजा हिच्या तीन फिल्म तयार. अभिनंदन!" खाली टाळ्या, फुलं, नमस्कार. मीरा-भाईंदरमध्ये कुणाची मुलगी फिल्म लाइनमध्ये आहे म्हटल्यावर कुणी आश्चर्याने डोळे विस्फारत नाही. प्रत्येक बिल्डिंगीत एखादा तरी हिरोचा मित्र राहतोच.

शनिवारी सकाळी क्षितिजाची आई, अंबिका, मासळी आणायला खाली गेली. ती एका दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर हिंदी, गुजराती, मराठी अशा तिन्ही भाषांत लोकांना बसवून ठेवायचं आणि हसतमुख राहायचं, हे तिचं काम. ती परत आली आणि पिशवी ओट्यावर ठेवून दारातच उभी राहिली.

"क्षितिजा, अगं चौक गावाहून ती शेवंती येते ना मासळी घेऊन, ती मला म्हणाली, 'अंबिकाताय, तुजी पोर पिक्चरमदी हाय म्हनं? तीन-तीन पिक्चर! आनि आमाला ठावंच न्हाय!' शेजारी ती गुजराती बेन उभी होती, ती म्हणते, 'पार्टी तो बनती है!' मी नुसती हसले. काय बोलणार? तू नक्की काय करतेस गं?"

क्षितिजा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. सोमवारच्या काळजीने तिला धड जेवण जात नव्हतं. मान वर न करता ती म्हणाली, "आई, सोड ना. नाही कळणार तुला."

अंबिका ओट्याकडे वळली आणि पापलेट साफ करायला लागली. मी टेबलावर डबीत होते. मला सगळं दिसत होतं. मला त्या क्षणी क्षितिजाचा राग आला, हो, माझ्या जन्मदात्रीचा. अगं, त्या बाईने तुझ्यासाठी इतकी वर्षं डबे भरले, तिने एक साधा प्रश्न विचारला तर तुझं काय गेलं असतं?

संध्याकाळी हरिश्चंद्र काका आले. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल.

"वहिनी, अभिनंदन! पुढच्या रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आहे, तेव्हाच क्षितिजाचा सत्कार उरकून टाकू. शाल, श्रीफळ, हार, सगळं ठरलंय." मग ते क्षितिजाकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाळा, एखादा रोल असला तर बघ हो. वडिलांचा चालेल. डॉक्टर, वकील, काही पण. डायलॉग नसला तरी चालेल."

क्षितिजा आधी गोंधळली आणि मग असं काही हसत सुटली की खुर्चीतून खाली यायची राहिली. "काका, तीन नाही हो, थिन! थिन फिल्म! पातळ!" तिने माझी डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. काकांनी चष्मा वर केला, खाली केला.

"एवढीशी?"

बघा! मी म्हटलं नव्हतं?

"मग यात पिक्चर नाही?"

"नाही काका."

"मग आहे काय?"

आता काय सांगावं, असा विचार करून क्षितिजाने सोपा शब्द निवडला. "चुंबक."

"हात्तिच्या! दे, तुमच्या फ्रीजला लावून बघतो." काका डबीला हात घालणार, एवढ्यात तिने ती मागे ओढली. "नको, नको! अशी नाही चिकटत ती. आधी तिला खूप थंड करावं लागतं. थंड झाली की मगच ती चुंबक होते."

"बरं," काका हिरमुसून म्हणाले. "पण सत्कार होणार हां. मेसेज गेलाय. आता तो डिलीट पण होत नाही."

हे सगळं अंबिका स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिच्या मुलीच्या कामातलं एक आख्खं वाक्य तिला पहिल्यांदाच कळलं होतं. थंड झाली की मगच ती चुंबक होते. त्या रात्री भांडी आवरताना ते वाक्य ती दोनदा पुटपुटली.

रविवारी दुपारी क्षितिजा मैत्रिणीकडे गेली. अंबिका टेबलापाशी आली, तिने माझी डबी उचलली आणि माझ्याशी बोलायला लागली. कुणी माझ्याशी बोलण्याची ती पहिलीच वेळ. "चल गं बाई. उद्या तुझी परीक्षा आहे ना? माझी पोरगी काळजीने अर्धी झालीय. तू आजपासूनच थंड व्हायला लाग." मासळीचा वास लागू नये म्हणून तिने डबी एका पिशवीत घातली, गाठ मारली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, तिलाही गाठ मारली. आणि मला फ्रीजरमध्ये ठेवून दिलं!

एका बाजूला पापलेट, दुसऱ्या बाजूला मटार, डोक्यावर खोबऱ्याचा कीस. माझ्यासारख्या नीलमवर बसणाऱ्या बाईवर ही वेळ! पण खरं सांगू का? मी रागावले नाही. मी मनापासून प्रयत्न केला. दात-ओठ नसतानाही दात-ओठ खाऊन प्रयत्न केला. या बाईने एवढ्या मायेने ठेवलंय तर निदान थोडीशी तरी चुंबक होऊन दाखवावं, असं मला फार वाटत होतं. पण फ्रीजर म्हणजे उणे अठरा अंश. मला तिथून आणखी जवळजवळ अडीचशे अंश खाली जायला हवं होतं. तेवढी थंडी अख्ख्या भाईंदरातले फ्रीज एकत्र केले तरी मिळाली नसती.

संध्याकाळी क्षितिजा परत आली. टेबल रिकामं. "आई, माझी डबी?"

"फ्रीजरमध्ये ठेवलीय," अंबिका अगदी खुशीत म्हणाली. "दुपारपासून. म्हणजे उद्या तिकडे तुझा वेळ वाचेल."

क्षितिजाने धावत जाऊन फ्रीजर उघडला. "आई, काय केलंस हे! वर दव धरेल, पाणी सुटेल, तारा निघतील! एकच होती गं ती! तुला म्हटलं होतं ना, नाही कळणार तुला!"

अंबिका स्टुलावर बसली. "थंड लागते म्हणालीस ना," ती हळूच म्हणाली. "तेवढंच मला कळलं होतं. म्हटलं, तेवढं तरी आपण करावं."

क्षितिजाने ते ऐकलं आणि तिचा हात पिशवीच्या गाठीवर थबकला. मग ती आईच्या शेजारी फरशीवरच बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं. मी आधी नीट सांगितलं असतं तर तू हे केलंच नसतंस."

"डबी उघडून बघ तरी."

"लगेच नाही उघडायची. आत्ता उघडली तर हवेतलं पाणी तिच्यावर जमेल. बंदच ठेवून हळूहळू खोलीइतकी गरम होऊ दे."

"किती वेळ?"

"जेवणं होईपर्यंत."

"मग तोवर सांग," अंबिका म्हणाली. "मी कुठे जात नाहीये."

मित्रांनो, तशी संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही. टेबलाच्या मधोमध दोन पिशव्यांत गुंडाळलेली मी, अलीकडे आई, पलीकडे लेक. क्षितिजाने पिंपापासून सुरुवात केली. मुशी सांगितल्या, हिंग सांगितलं, काशिमिऱ्याचा सर्व्हिस रोड सांगितला. अंबिका मधेच अडवून विचारायची. "क्रोमियम म्हणजे ते नळाला चमक असते तेच?" "हो, तेच." "अगंबाई!" मग गाडी चुंबकावर आली, आणि तिथे अडली. लूप म्हणजे काय, ते क्षितिजाला सांगता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा आईचा चेहरा कोराच.

शेवटी अंबिकाच उठली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. "हे बघ. खाली पडलेल्या सुया उचलायला मी हे चुंबक ठेवते. काही सुया याच्याजवळ राहून राहून अशा होतात की चुंबक बाजूला ठेवलं तरी एकमेकींना चिकटून बसतात. आणि काही सुया लगेच सुटतात. त्यातलं काही आहे का?"

क्षितिजा आईकडे बघतच राहिली. "तेच आहे! अगदी तेच. चुंबक दूर नेल्यावरही सुईच्या लक्षात राहतं, तसं हिच्या लक्षात राहतं की नाही, एवढंच उद्या बघायचंय."

"एवढंच?" अंबिका म्हणाली. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं!"

जेवणं झाली. पिशव्यांच्या गाठी सुटल्या. डबी उघडली. दोघींनी श्वास रोखला होता, आणि मी तर कधीचा रोखून धरला होता. मी कोरडी ठणठणीत होते! त्या दोन गाठींनी मला वाचवलं होतं. सहापैकी एक तार तेवढी सुटून बाजूला पडली होती. क्षितिजा आधी रडवेली झाली, मग हसली. "एक चिकटवता येईल. तिकडे लेप आहे." आणि मग एकदम म्हणाली, "आई, उद्या तूही चल."

"मी? तिकडे सगळे सायन्सवाले..."

"सुट्टी टाक दवाखान्यात. परीक्षा माझी आहे, तू बाहेर बसायचीस ना दहावीला? आता आत बस."

सोमवारी अंबिका ठेवणीतली साडी नेसून आणि डब्यात घावने भरून निघाली. तिथल्या खोलीत पंपांची घरघर होती आणि मधोमध माणसाहून उंच असं थंड यंत्र उभं होतं. क्षितिजाने सूक्ष्मदर्शकाखाली माझी सुटलेली तार चिकटवली. लेप वाळेपर्यंत घावने संपले. मग मला एका लांब काठीच्या टोकाला बांधून यंत्रात सोडलं.

थंडी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. उबेत माझ्या अंगातले क्रोमियमचे अणू मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे वाटेल तिकडे तोंड करून उड्या मारत असतात. खाली जाता जाता त्यांचा दंगा कमी होत गेला. उणे दोनशे. उणे अडीचशे. आणखी खाली. आणि मग माझ्या आत काहीतरी झालं. एकाने तोंड वर केलं, शेजारच्याने केलं, आणि बघता बघता सगळे एका दिशेला उभे राहिले. पण हे बाहेर दिसायचं होतं. मी बोलू शकत नाही. माझं बोलणं म्हणजे माझ्यातून जाणारी वीज. क्षितिजाने माझ्यातून एका बाजूने दुसऱ्या बाजूला बारीकसा प्रवाह सोडला आणि आडव्या तारांवर किती व्होल्टेज येतं ते पडद्यावर लावलं.

"हा ठिपका बघ," ती आईला म्हणाली. "मी आता बाहेरून चुंबकाचा जोर वाढवतेय."

ठिपका वर चढला आणि वर जाऊन थांबला.

"छान झालं ना?" अंबिकाने विचारलं.

"नाही, हे सगळ्या करतात. आता मी जोर कमी करते. जोर शून्यावर आला की बघायचं. थोरली इथेच पडली होती."

जोर कमी होत गेला. दोघी पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. क्षितिजाने आईचा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या असतील. जोर अर्ध्यावर आला. पावावर आला. शून्य.

ठिपका वरच होता!

मी विसरले नव्हते मित्रांनो! बाहेरचं चुंबक गेलं, तरी माझ्या आत सगळे तसेच ताठ उभे होते. क्षितिजाने लगेच जोर उलट्या दिशेने वाढवला. मी थोडा वेळ दाद दिली नाही, माझा स्वभावच तसा आहे, आणि मग एका फटक्यात खाली आले. तिने पुन्हा जोर सुलट केला, मी पुन्हा थोडा वेळ अडून बसले आणि वर गेले. जातानाची वाट वेगळी, येतानाची वेगळी. पडद्यावर दोन्ही वाटा मिळून एक तिरकी चौकट बंद झाली.

"अगंबाई," अंबिका ओरडली, "ही तर शंकरपाळी!"

क्षितिजाने फोन लावला. "सर, लूप आला!" तिचा आवाज चिरकत होता. मागून अंबिका म्हणाली, "शंकरपाळी आली म्हणून सांग!" सर पलीकडून म्हणाले, "कोण बोललं ते? आणि परत एकदा घे, एकदा आलं म्हणून नाचू नकोस." परत घेतलं. परत शंकरपाळी. तिसऱ्यांदाही शंकरपाळी. मग मात्र मायलेकी त्या पंपांच्या घरघरीत एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिल्या, आणि मी उणे दोनशे सत्तर अंशांत असूनही मला ऊब आली.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या पूजेला मीही होते, क्षितिजाच्या पर्समध्ये. हरिश्चंद्र काकांनी माइक हातात घेतला. "आपल्या क्षितिजाने तीन..." ते अडखळले, क्षितिजाचं 'तीन नाही, थिन' त्यांना आठवलं असावं. तेवढ्यात अंबिकाने त्यांच्या हातातून माइक घेतला. चार माणसांत बोलायला लाजणारी ती नव्हतीच, पण मुलीबद्दल बोलायची ही पहिली वेळ होती.

"तीन नव्हे हो, थिन. थिन म्हणजे पातळ. माझी मुलगी इतकी पातळ फिल्म बनवते की डोळ्यांना कळणार नाही. आणि जवळचं चुंबक काढून घेतलं तरी त्या फिल्मच्या लक्षात राहतं. फक्त थंडी लागते. आपल्या फ्रीजची नाही हां. ते मी करून बघितलंय."

सगळा मंडप हसला. शेवंतीसुद्धा आली होती, तिने मागून विचारलं, "मंग पिक्चर न्हाय काय गो?"

तेव्हा क्षितिजा उठली. "काकांचंही खोटं नाही," ती म्हणाली. "ही माझी तिसरीच फिल्म. पहिल्या दोन पडल्या."

"मी म्हटलं नव्हतं?" हरिश्चंद्र काका माइकशिवायच गरजले. "तीन फिल्म! आणि तिसरी हिट!" त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हार घालायचा राहिला. प्रसादाच्या शिऱ्याबरोबर अंबिकाने घरच्या शंकरपाळ्या वाटल्या. प्रत्येकाला देताना ती सांगायची, "आकार नीट बघून खा हं."

त्यानंतर माझे दिवस छान गेले. माझा आलेख छापून आला, लांबलांबची माणसं त्यावर बोलली. मग माझ्यानंतरच्या आल्या. माझ्याहून देखण्या, माझ्याहून कमी थंडीत लक्षात ठेवणाऱ्या. मला एका खणात ठेवलं गेलं आणि डबीवर धूळ बसली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण क्षितिजाला पदवी मिळाली त्या दिवशी तिने सरांकडे एकच गोष्ट मागितली. आणि मी परत भाईंदरला आले.

आता मी शोकेसमध्ये सत्काराच्या शालीवर बसते. या दमट खाऱ्या हवेत माझी चकाकी कमी झालीय. या उबेत मी चुंबकही नाही, नुसती एक काळपट टिकली आहे. पाहुणे येतात, म्हणतात, "एवढीशी?" आणि अंबिका लगेच पदर खोचून सुरू होते. पिंप, मुशी, हिंग, सुया, शंकरपाळी. तिची गोष्ट आता माझ्याहून चांगली झालीय.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायचं नाही. अधूनमधून धूळ पुसा, पुरे. पण तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला कायकाय येईल, आणि घरातलं कुणीतरी ओट्यापाशी उभं राहून विचारेल, तू नक्की काय करतोस रे, काय करतेस गं? तेव्हा "नाही कळणार तुला" हे तीन शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. डबी मधे ठेवा, समोर बसा आणि सांगा. नाही जमलं तर परत सांगा. सुयांचा डबा कधी कधी समोरच्याच्या कपाटात असतो.

हल्ली अंबिका माझ्या शेजारच्या फ्रीजमध्ये मासळी ठेवायला येते तेव्हा शोकेसपाशी थांबते. फ्रीजरचं दार उघडं धरून माझ्याकडे बघते आणि डोळे मिचकावून विचारते, "काय गं, जायचंय का आत?"

आणि खरं सांगू, पापलेट नसेल तर माझी ना नाही.